घरी बांधलेली ‘सेव्हन’: अंबडची चॅसी, जिप्सीचं इंजिन, द्राक्षबागेतली शेड

घरी बांधायच्या ‘सेव्हन’ या छोट्या गाडीचं हे परीक्षण. आधी निकाल सांगतो. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेटरकडून ड्रॉइंगबरहुकूम बनवून घेतलेली चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, चांगली निघते, पण काही गोष्टी वेल्डिंगआधी बजावून सांगाव्या लागतात. मारुती जिप्सीचं इंजिन या गाडीला शोभतं. स्टिअरिंग आणि ब्रेक जमून जातात. ॲल्युमिनियमचे पत्रे, रंग आणि वायरिंग या तिघांचं मात्र नाशिकच्या हवेत कायम काही ना काही निघत राहतं. ही गाडी अशी: लांब नाक, उघडी चाकं, दोन सीट, दारं नाहीत, छप्पर नाही, वजन सहाशे किलोच्या आसपास.

हा साचा मूळचा ब्रिटनच्या लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांचा, १९५७ सालच्या लोटस सेव्हनचा. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स बसायचा, सुट्या भागांच्या संचावर बसत नसे. म्हणून लोक संच आणून घरच्या गॅरेजात गाडी जोडायचे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती पळवाट बंद झाली. त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. गाडी मात्र अजून बनते, कारण तिच्यात बिघडण्यासारखं कमी आणि पान्याने सुटण्यासारखं जास्त आहे.

आपल्याकडे अडचण कराची नाही, नोंदणीची आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक जागी गाडी चालवता येत नाही, आणि लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा ‘सार्वजनिक’ धरली जाते. ‘जिप्सीचं आरसी बुक आहे ना, तेच लावू’ हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलात बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. इथे तर जिप्सीचं फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स उरलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुन्याची चाचणी करून घेणं हा कारखान्यांचा रस्ता आहे, एकट्या गाडीला तो परवडत नाही. म्हणजे ही गाडी बागेतल्या खाजगी रस्त्यावर चालवायची, नाहीतर ट्रेलरवर घालून बंद ट्रॅकवर न्यायची. हे ज्याला पटत नाही त्याने पुढचं वाचून हळहळू नये.

चॅसी २५ × २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची, भिंतीची जाडी १.६ मिलिमीटर. असा पाइप मीटरला साधारण १.१८ किलो भरतो. पन्नासेक मीटर पाइप लागतो, म्हणजे नुसता सांगाडा साठ किलोच्या आत-बाहेर. दुकानात ‘सोळा गेज’ म्हणून मागितलेला पाइप व्हर्नियरवर १.४ ही निघतो, तो फर्निचरचा माल. कापलेल्या टोकावर चारही बाजूंना माप घ्या आणि मगच गाडीत भरा. उलट काही फॅब्रिकेटर ‘मजबूत होईल’ म्हणून आपणहून २ मिलिमीटर वापरतात. त्याने पंधराएक किलो वाढतात आणि ताकद विशेष वाढत नाही, कारण या चॅसीची ताकद जाडीत नसून तिरक्या पाइपांच्या त्रिकोणात आहे. इंजिनशेजारचा एखादा तिरका पाइप मॅनिफोल्डच्या आड येतो म्हणून कापला, तर तो दुसरीकडून दिलाच पाहिजे.

पहिली बजावायची गोष्ट: वेल्डवर ग्राइंडर मारायचा नाही. गेट आणि ग्रिल करून हात बसलेला कारागीर ‘दादा, फिनिशिंग मारून देतो’ म्हणतो आणि वेल्डचा उंचवटा सपाट करून टाकतो. दिसायला सुरेख. पण १.६ मिलिमीटरच्या पाइपवर तो उंचवटा हाच जोड असतो. तो घासला की कडेचा पाइपही घासला जातो आणि भेग तिथूनच सुरू होते. पत्रा जिथे सपाट बसायचा तेवढीच बाजू घासू द्या, तीही जोडाच्या आतून पुरेसं वेल्ड भरलेलं असेल तर. सीओटू वेल्डिंग पुरतं, सगळीकडे आर्गनचा आग्रह नको.

दुसरी: सगळे जोड आधी टाके मारून उभे करायचे, कर्ण मोजायचे, मगच पूर्ण वेल्ड. एका बाजूने सलग वेल्ड करत नेलं की चॅसी केळ्यासारखी वाकते. दोन कर्णांतला फरक २ मिलिमीटरच्या आत हवा, आणि पुढच्या विशबोनच्या (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांड्याच्या) ब्रॅकेटांची मधल्या रेषेपासूनची मापं डावी-उजवीकडे १ मिलिमीटरच्या आत. हे जमलं नाही तर अलाइनमेंटवाल्याकडे कितीही फेऱ्या मारा, गाडी एका अंगाला ओढतच राहते.

तिसरी: सीटबेल्टच्या नटा. बेल्टसोबत येणारा बोल्ट बहुतेक ७/१६ इंच यूएनएफ, म्हणजे इंचाला वीस बारीक आट्यांचा असतो. फॅब्रिकेटर सवयीने एम १२ ची नट वेल्ड करतो, मग बेल्टचा बोल्ट बाजूला पडतो आणि हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही एम १२ बोल्ट त्या जागी जातो. जिथे आयुष्य टांगलेलं आहे तिथे हे चालत नाही. योग्य नट आणि तिच्यामागे ३ मिलिमीटरची पट्टी आधीच देऊन ठेवा. रोलबारसाठी (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीसाठी) ४५ × २.५ मिलिमीटरची सीडीएस, म्हणजे थंड ओढलेली बिनजोडाची ट्यूब घ्या. नळाचा जीआय पाइप वाकवून केलेला बार म्हणजे नुसती शोभा.

रंगाबद्दल बरेच जण पावडर कोटिंगच्या बाजूने असतात. आमचं मत उलट. पावडरचा थर कडक असतो. ब्रॅकेटच्या कडेला किंवा वॉशरखाली तो चिरतो, चिरेतून पाणी आत शिरतं आणि वरचा थर शाबूत दिसत असतानाच खाली गंज पसरतो. वर्षभराने नखाने उचकटला की पापुद्रा हातात येतो. शिवाय वेल्डमधली भेग त्या थराखाली दिसतही नाही. दोन-घटकी इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर फिकट राखाडी पीयू (पॉलियुरेथेन) रंग, हे या गाडीला बरं. फिकट अशासाठी, की भेग किंवा तेलाची गळती लगेच दिसावी. डाग पडला तर ब्रशने दुरुस्तीही होते.

भेगा शोधायला डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टसारखी स्वस्त गोष्ट नाही. अंबडच्या कुठल्याही क्वालिटी विभागातल्या माणसाला विचारा: तीन डबे, क्लीनर, लाल पेनिट्रंट, पांढरा डेव्हलपर. संशयाच्या जागेवरचा रंग काढायचा, क्लीनरने पुसायचं, लाल रंग फवारून दहा मिनिटं थांबायचं. मग फडक्यावर क्लीनर घेऊन पुसायचं. थेट वेल्डवर क्लीनर फवारला तर भेगेतला रंगही धुऊन जातो. शेवटी डेव्हलपरचा पातळ हात. भेग असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते आणि बघता बघता रुंद होते. दर सहा महिन्यांनी चार जागा बघा: खालच्या विशबोनचे ब्रॅकेट, इंजिनचे माउंट, मागच्या पॅनहार्ड रॉडचं (ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचं) चॅसीकडचं टोक आणि पेडलबॉक्सचा तळ. पॅनहार्डचं ब्रॅकेट एकाच पट्टीचं केलेलं असेल तर ते आज ना उद्या तडकतंच. दोन्ही बाजूंनी धरणारं करून घ्या.

इंजिन जिप्सी किंगचं, २००० साली आलेलं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं): १२९८ सीसी, ८० बीएचपी. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे नाक जड होत नाही. सहाशे किलोला ८० बीएचपी भरपूर झाले. खरा फायदा गिअरबॉक्सचा. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून सुटा असतो, मध्ये छोटा शाफ्ट. तो केस काढून टाकला की पाच गिअरचा सरळ, मागच्या चाकांना ताकद देणारा बॉक्स हातात उरतो. मागचा ॲक्सल मात्र जिप्सीचा घेऊ नका, तो जड आहे आणि त्याची चाकं पाच बोल्टांची. ओम्नी किंवा ईकोचा ॲक्सल हलका पडतो आणि त्याचं सामान कुठेही मिळतं. प्रोपेलर शाफ्ट नवीन मापाचा करून डायनॅमिक बॅलन्स करून घ्यावाच लागतो. गिअरबॉक्सचा फ्लॅंज आणि डिफरन्शियलचा फ्लॅंज बाजूने पाहिल्यावर समांतर हवेत. नाहीतर ठराविक वेगाला सीटखाली घरघर सुरू होते आणि जॉइंट लवकर जातात. शाफ्टभोवती लोखंडी कडं वेल्ड करून घ्या. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उचलतो, आणि तो तुमच्या मांडीशेजारूनच जात असतो.

जिप्सीचा सम्प, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, या गाडीत खाली लोंबतो. तो कापून उथळ करतात, पण नुसता उथळ केला की वळणावर तेल एका कोपऱ्यात जातं, पिकअप (तेल ओढणारी नळी) हवा ओढतो आणि ऑइलचा दिवा लुकलुकतो. ते लुकलुकणं म्हणजे बेअरिंगचं बिल. उथळ सम्पला दोन्ही बाजूंना पंख काढून तेलाची मूळ मात्रा राखायची, आत बिजागरीच्या झडपांचा बॅफल (तेल अडवणारा पडदा) बसवायचा आणि पिकअप तेवढाच वर घ्यायचा. पिकअपचं तोंड आणि तळ यांत ८ ते १० मिलिमीटर अंतर ठेवा. ते चिखलाच्या गोळीने मोजतात: गोळी तळाला चिकटवा, सम्प लावा, काढा, दबलेली जाडी मोजा.

कूलिंगमध्ये एकच चूक सगळे करतात. रेडिएटर नाकात, इंजिनपेक्षा खाली, आणि पाणी भरायचं तोंड रेडिएटरवरच. हवा वरच्या बाजूला इंजिनच्या हेडमध्ये अडकते. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापलं की वाकतं. बल्कहेडवर (इंजिन आणि सीट यांच्यामधल्या भिंतीवर), सगळ्यांत उंच जागी वेगळी टाकी लावा आणि हेडपासून तिथपर्यंत बारीक होजने हवेची वाट काढा. पंख्याला रिले हवाच, थर्मोस्विचमधून थेट करंट नको. एप्रिल-मेच्या दुपारी ही गाडी तापते ती चालताना नाही, थांबल्यावर. पंखा इग्निशन बंद झाल्यावरही थोडा वेळ चालेल असं वायरिंग ठेवा.

पुढच्या सस्पेन्शनला मारुतीचं नकल (चाकाचा हब धरणारा भाग) वापरतात. ते स्ट्रटसाठी (वरच्या विशबोनऐवजी शॉकअपचाच खांब असलेल्या रचनेसाठी) बनलेलं, म्हणून वरच्या विशबोनचा बॉलजॉइंट धरायला टर्न केलेला ॲडॉप्टर लागतो. सातपूरमध्ये कुठलंही लेथ-व्हीएमसीचं दुकान तो करून देतं, पण ड्रॉइंगवर टेपर (भोकाचा निमुळतेपणा) लिहा. बॉलजॉइंटचा टेपर आणि ॲडॉप्टरचा टेपर जुळला नाही तर नट कितीही आवळा, आत खेळ राहतोच. निळ्या मार्किंगने तपासा: शाईचा ठसा टेपरच्या निदान तीन-चतुर्थांश भागावर उमटला पाहिजे.

पीयू बुशांची तक्रार नेहमीचीच: ‘सस्पेन्शन हलतच नाही’ किंवा ‘कुरकुरतं’. दोष बुशचा नसतो. आतली स्टीलची स्लीव्ह बुशपेक्षा किंचित लांब हवी, अर्धा मिलिमीटर तरी, म्हणजे बोल्ट स्लीव्हला आवळतो आणि बुश तिच्याभोवती फिरतो. कारागीर दोन्ही एकाच मापाला कापतो, मग बोल्ट बुशलाच चिमटतो. ग्रीस सिलिकॉनचं लावा. बुशऐवजी रॉड एंड (दांड्याच्या टोकाचे गोल सांधे) असतील तर उलट काळजी: पीटीएफई (टेफ्लॉन) लायनर असलेल्यांना ग्रीस लावायचं नाही. द्राक्षबागेतली बारीक माती ग्रीसला चिकटते आणि लायनर खाऊन टाकते. रबरी टोपी चढवा, आणि चाक बारा-सहाच्या रेषेत हलवून महिन्याला एकदा खेळ बघा.

आवळण्याची मापं साधी आहेत. ८.८ ग्रेडचा एम ८ सुमारे २५ न्यूटन-मीटर, एम १० पन्नासच्या जवळ, एम १२ पंच्याऐंशी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने बघायचे आणि नटपासून ब्रॅकेटपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. रेघ तुटली की नट फिरली. नायलॉक नट एकदा काढली की नवी घ्या.

ब्रेकला बूस्टर लागत नाही, गाडी तेवढी हलकी आहे. पेडल कडक लागेल, पाय सरावतो. डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर किमान १५५. पावसाळ्यात ते ओलावा शोषतंच, म्हणून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बदला.

आता पत्रे, या गाडीचं खरं नाशिकचं दुखणं. गाडी बहुधा बागेच्या शेडमध्ये असते आणि त्याच शेडमध्ये फवारणीचं सामान. बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण म्हणजे एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ, आणि ॲल्युमिनियमला तांब्याइतका वाईट शेजारी नाही. ब्लोअरचा धुरळा शेडपर्यंत आला की पत्र्यावर आधी निळसर थेंबाचे डाग दिसतात, काही दिवसांत डागाच्या मध्यावर पांढरी भुकटी येते, आणि ती खरवडली की खाली टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा. तांबं पत्र्यावर बसून छोटीशी बॅटरीच तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. पॉलिश करून खड्डा जात नाही, फक्त रुंद होतो. उपाय: उघडा चकचकीत पत्रा ठेवायचाच नाही. एचिंग प्रायमर (धातूला पकड घेणारा पहिला थर) आणि पीयू रंग द्या. डाग पडला तर त्याच दिवशी साध्या पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुवा; कपड्याचा सोडा तर मुळीच नको, ॲल्युमिनियमला क्षारही खातो. मोरचुदाचं पोतं दुसऱ्या खोलीत हलवा. इतकं साधं आहे, तरी कोणी करत नाही.

पत्रा आणि स्टीलचा पाइप एकमेकांना थेट टेकले तरी तीच कथा, जरा हळू. मध्ये पीयू सीलंटचा सलग थर द्या आणि मग ६० ते ७५ मिलिमीटरवर पॉप रिव्हेट. साध्या रिव्हेटमध्ये स्टीलची खिळी अडकून राहते, पहिल्या पावसात तिच्यातून तपकिरी ओघळ येतो. तळाला तरी बंद तोंडाचे रिव्हेट वापरा. फायबरच्या नाकावर आणि मडगार्डवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसतात ते बोल्ट थेट फायबरवर आवळल्याने. रुंद वॉशर आणि मागे रबर, एवढं पुरतं.

वायरिंगचे दहातले आठ दोष अर्थिंगचे. चॅसीला रंग असतो आणि लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) रंगावर आवळलेला असतो. त्या जागचा रंग काढून चमकता धातू, दातेरी वॉशर, आवळल्यावर वरून रंग. इंजिन ते चॅसी १६ चौरस मिलिमीटरची वेणी हवीच, कारण इंजिन रबरावर बसलेलं असतं. ती नसली तर स्टार्टरचा करंट क्लचच्या केबलमधून वाट शोधतो आणि केबल जळते. हार्नेसवर लवचीक कंड्युट चढवा, बागेतल्या उंदरांना उघडी वायर फार आवडते. इंधनाच्या होजवर आर ९ असं छापलेलं बघून घ्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं आणि जिप्सीच्या काळातले रबर त्यात मऊ पडतात.

टायरवाल्याकडे एक गोष्ट उभं राहून सांगा. तो सवयीने ३२ पीएसआय भरतो. या वजनाला थंड टायरमध्ये १८ ते २० पुरे. ३२ वर गाडी दगडासारखी उडते आणि दोष शॉकअपवर जातो. पुढे टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली) एकूण १ ते २ मिलिमीटर, कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा कल) एक ते दीड अंश आत. दोन्ही दोरी आणि मोजपट्टीने घरच्या फरशीवर निघतात, फक्त सीटवर तुमच्या वजनाची पोती ठेवून मोजा.

जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर टाकी एकतर पूर्ण भरा, नाहीतर पूर्ण रिकामी करा. अर्ध्या टाकीत इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि तळाला पाण्याचा थर बसतो. चाकं जमिनीवरून उचलून स्टँडवर, बॅटरी काढून घरात. पुन्हा सुरू करताना इंधनाच्या पंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा, मग फ्यूज लावा. हे सगळं ऑक्टोबर छाटणीच्या आत उरका; छाटणीनंतर ब्लोअर रोज फिरू लागतात आणि तेव्हा कव्हर शोधत बसायला वेळ नसतो.